मोहरीचं घरचं बियाणं: कोणतं राखावं, कोणतं राखू नये

पौष लागला की दुकानात कोणीतरी मोहरीची दोन-चार झाडं उपटून आणतंच. "एक झाड कमरेला, दुसरं डोक्यावर. बियाणं बोगस दिलंत." बिल मागितलं की ते गेल्या वर्षीचं निघतं. पेरलेलं असतं संकरित (दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून काढलेल्या) वाणाच्या खळ्यातून राखलेलं घरचं बी. मग आमचा दिवस शेत बघण्यात आणि समजावण्यात जातो. म्हणून हे पत्रक.

वाचणारे शेतकरी विचारतात, "मोहरी मुळातच संकरातून आली ना? ती शुद्ध राहते, मग तुमची संकरित का बिघडते?" प्रश्न रास्त आहे. तोरिया (मोहरीसारखंच तेलबियांचं पीक) आणि सलगम ज्या जातीत येतात ती जात आणि काळी मोहरी यांच्या संकरातून आपली मोहरी हजारो वर्षांपूर्वी झाली. हे नातं १९३५ साली जपानमध्ये नागाहारू यू यांनी मांडलं. तोरियाच्या गुणसूत्रांच्या (पेशीतल्या, गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या) १० जोड्या, काळ्या मोहरीच्या ८, आणि मोहरीत सगळ्या १८. आख्ख्या जोड्या आल्यामुळे तोरियाचं गुणसूत्र आपल्याच जोडीदाराशी जुळतं, काळ्या मोहरीचं आपल्याच. पुढे काही जनुकं (गुणसूत्रावरचे, एकेक गुण ठरवणारे तुकडे) गळाली, काही काम करेनाशी झाली, पण जोड्या टिकल्या. म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

पिशवीतल्या संकरिताचं तसं नाही. त्याची आईही मोहरी आणि बापही मोहरी, फक्त वाण वेगळे. प्रत्येक जोडीत एक गुणसूत्र आईचं, एक बापाचं. पुढच्या पिढीत त्यांची वाटणी दाण्यागणिक बदलते. म्हणून अर्ध्या शेंगा तडकायला आल्या तरी अर्ध्या हिरव्याच असतात. पहिल्या वर्षीचा संकराचा जोमही निम्म्यावर येतो.

खरा फटका पुढेच आहे. बरीच संकरितं नर-वंध्य आईपासून काढतात; तिच्या फुलात पराग धरत नाहीत. ती उणीव बापाकडचं जनुक भरून काढतं. घरच्या बियाण्यात साधारण चौथ्या हिश्श्याच्या झाडांना ते जनुक मिळतच नाही. फूल उघडून बघा: पुंकेसर सुकलेले, बोटाला पिवळी पूड लागत नाही. मधमाश्यांनी दुसऱ्या झाडाचे पराग आणले तर शेंग भरते. आठवडाभर आभाळ राहिलं, माश्या फिरकल्या नाहीत, की शेंगा पोचट.

"दरवर्षी विकत घ्यायला लावायचा डाव आहे," असंही ऐकतो. दुकान आहे, विकायलाच बसलोय. पण बी राखायचंच असेल तर संकरित घेऊच नका, सरळ वाण (संकरित नसलेलं, बी राखलं तरी तसंच येणारं) घ्या. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचं टीएएम १०८-१ आम्ही ठेवतो. ते विदर्भासाठीच आहे. धानाच्या बांधीत एकच पाणी देऊ शकणाऱ्याला आम्ही स्वतः तेच सुचवतो, आणि त्यात आमची कमाई कमीच. एकरी दोन किलो पुरतं. दोन-तीन वर्षं बी राखता येतं. फक्त बांधाकडचं नको, शेताच्या मधल्या पट्ट्यातलं घ्या, कारण शेजारच्या वाणाचे पराग माश्या आणतात.

संकरित घेतलंत तर बिल, रिकामी पिशवी आणि मूठभर बी कापणीपर्यंत जपून ठेवा. तक्रार असली तर झाडासोबत पिशवीही आणा.