नाळेतलं रक्त बँकेत ठेवायचं की नाही : ह्या प्रश्नामागचा सगळा इतिहास

सातवा महिना लागला, डोहाळजेवणाचा हॉल बुक झाला की साधारण त्याच सुमाराला एक फोन येतोच. नंबर कुठून मिळाला ते विचारायचं नाही, विचारलं तरी कुणी सांगत नाही. पलीकडून एकदम गोड आवाजात, "ताई अभिनंदन, बाळाच्या स्टेमसेल्सचं काही ठरलंय का?" म्हणजे बाळाच्या नाळेतल्या रक्तातल्या मूळ पेशी पैसे भरून गोठवून ठेवायच्या का. कोल्हापुरात राजारामपुरीत, शाहूपुरीत कुठल्याही प्रसूतिगृहाच्या वेटिंगमध्ये बसा, बीपी मोजायच्या टेबलाशेजारी गुबगुबीत बाळाचं ब्रोशर ठेवलेलं असतंय. आकडा पन्नास हजाराच्या पुढं कुठंतरी असतो, हप्त्यांची सोय असते, आणि निर्णय मात्र डिलिव्हरीच्या आधीच घ्यायचा असतो कारण नंतर संधी नाही. माझ्या भाचीच्या वेळी घरात ह्यावर दोन रविवार वाद झाला. सासूबाई म्हणत होत्या घ्या की, पोरापेक्षा पैसा मोठा आहे का, आणि जावई गप्प. तेव्हा मी हा विषय मुळापासून वाचून काढला, कारण घेणारा आणि विकणारा दोघंही "स्टेमसेल" म्हणतात पण दोघांच्या डोक्यात वेगवेगळी गोष्ट असते, आणि ती वेगळी का झाली हे इतिहास बघितल्याशिवाय कळत नाही.

पूर्वी आपल्याकडं वार पडली की ती परसात खड्डा काढून पुरायची, सुईणीच्या देखरेखीखाली. दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागल्यावर ती कचऱ्यात जायला लागली, आजही बहुतेक ठिकाणी वार आणि नाळ पिवळ्या पिशवीतून बायोमेडिकल वेस्टमध्येच जाते. म्हणजे जगभर ही टाकून द्यायची वस्तू होती. त्याच वेळी दुसरीकडं बोनमॅरो ट्रान्सप्लांटचं, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज दुसऱ्याकडून घेऊन पेशंटला द्यायचं काम चाललं होतं. अमेरिकेत डॉ. डोनल थॉमस यांनी १९५० च्या दशकापासून त्यावर आयुष्य घालवलं आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अडचण एकच होती, मॅच. पेशंटच्या पेशींवरच्या खुणा, ज्याला एचएलए म्हणतात, त्या देणाऱ्याशी जुळल्या पाहिजेत, आणि सख्ख्या भावंडातसुद्धा पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. आता आपल्याकडं एक नाहीतर दोन पोरं, म्हणजे बघा.

१९७४ च्या आसपासच संशोधकांनी दाखवलं होतं की नाळेच्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात, म्हणजे मॅरोमध्ये ज्या असतात त्याच जातीच्या. पण त्या पुरेशा आहेत का, गोठवून परत जिवंत होतात का, हे इंडियाना विद्यापीठातल्या हाल ब्रॉक्समायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पद्धतशीर तपासलं. आणि मग तो पेशंट आला ज्याच्यामुळं सगळं सुरू झालं. अमेरिकेतला पाच-सहा वर्षांचा मुलगा, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया, म्हणजे जन्मजात दोषामुळं मॅरो हळूहळू बंद पडत जाणारा आजार. आई परत गरोदर होती, पोटातल्या मुलीला तो आजार नाही आणि ती भावाशी जुळते हे आधीच तपासून कळलेलं. तिच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त काढलं, ब्रॉक्समायरनी ते गोठवलं आणि विमानातून स्वतः पॅरिसला घेऊन गेले, कारण ट्रान्सप्लांट तिथल्या सेंट लुई हॉस्पिटलमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन करणार होत्या. ऑक्टोबर १९८८. पोरगा बरा झाला, मोठा झाला. १९८९ मध्ये ते छापून आलं आणि जगभरातल्या डॉक्टरांना कळलं की आपण आजवर काय फेकत होतो.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं सगळं तिच्यावरच येतंय. रक्त बहिणीचं होतं आणि गेलं भावाला. त्याचं स्वतःचं रक्त वापरून काही उपयोग झाला नसता, कारण तोच दोष त्याच्या प्रत्येक पेशीत होता.

त्यानंतर जी पहिली बँक निघाली ती दानाची होती. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती उभी केली, आया फुकट रक्त द्यायच्या, ते तपासून नंबर लावून ठेवायचं आणि जगात कुणाला जुळलं तर पाठवायचं, आपल्या रक्तपेढीसारखंच. १९९३ मध्ये नात्यात नसलेल्या पेशंटला असं रक्त पहिल्यांदा दिलं गेलं, ड्यूक विद्यापीठात, डॉ. जोआन कुर्टझबर्ग यांच्या हाताखाली. कॉर्ड ब्लडचा, म्हणजे नाळेतल्या रक्ताचा मोठा फायदा तेव्हा दिसला : ह्या पेशी नवख्या असतात त्यामुळं एचएलए थोडं कमी जुळलं तरी चालून जातंय, आणि युनिट (एका नाळेतून जमा केलेली पिशवी) फ्रीजरमध्ये तयार असल्यानं दात्याला शोधत फिरावं लागत नाही. तोटा पण तेव्हाच दिसला. पेशंटच्या वजनाच्या दर किलोमागं साधारण अडीच कोटी पेशी लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी, आणि एका नाळेतून तेवढ्या निघतीलच असं नाही. म्हणून लहान मुलांना ठीक, मोठ्यांना दोन-दोन युनिटं जोडून द्यायची वेळ आली.

जवळपास त्याच काळात अमेरिकेत खाजगी बँका निघाल्या आणि गाडी दुसऱ्या रुळावर गेली. ह्यांचं म्हणणं, कुणा परक्याला कशाला, तुमच्या बाळाचं तुमच्या बाळासाठीच ठेवा, हा विमा आहे. ऐकायला बरोबर वाटतंय, कुठल्याही बापाला वाटेल. पण ज्या सत्तर-ऐंशी आजारांची यादी ब्रोशरवर छापलेली असते ना, त्यातल्या बहुतेक आजारांत पेशी *दुसऱ्याच्याच* लागतात. थॅलेसेमिया घ्या, सिकलसेल घ्या, दोन्ही जन्मजात रक्तविकार, दोष जीनमध्येच आहे त्यामुळं नाळेतल्या रक्तातही तोच. काणी रोग लागलेल्या फडातलं बेणं परत लावल्यावर ऊस कसा येणार? लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातसुद्धा बऱ्याचदा बिघाडाची पहिली पायरी जन्माच्या आधीच पडलेली असते असं संशोधनात दिसलंय, म्हणून तिथंही डॉक्टर स्वतःचं कॉर्ड ब्लड सहसा वापरत नाहीत. यादी खोटी नसते, पण ती दानाच्या बँकेची कमाई आहे आणि छापली जाते खाजगी बँकेच्या ब्रोशरवर. माझा राग एवढाच आहे. गंमत म्हणजे ज्या फ्रान्समध्ये पहिलं ट्रान्सप्लांट झालं तिथं निरोगी बाळाचं रक्त केवळ स्वतःसाठी म्हणून खाजगी बँकेत ठेवायला परवानगीच नाही.

भारतात ही लाट २००० नंतर आली. चेन्नईची लाइफसेल २००४ मध्ये सुरू झाली, मग मुंबई, कोलकाता, अहमदाबाद, गुडगाव असं करत बऱ्याच कंपन्या आल्या. दानाच्या बँका आल्या त्या फार थोड्या, कारण एक युनिट तपासून गोठवायला खर्च आहे आणि दान देणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. २०११ च्या शेवटी सरकारनं औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत ह्या बँकांसाठी वेगळा भाग घातला, लायसन्स लागायला लागलं. २०१४ च्या अंतरिम बजेटमध्ये त्यांना सेवाकर माफ झाला, जीएसटी आल्यावरही माफी चालू राहिली, आणि जुलै २०२२ मध्ये ती काढून घेतली. (सरकारला आधी हे आरोग्यसेवा वाटत होतं, मग बहुतेक नाही वाटलं.) लायसन्स आहे म्हणजे स्वच्छता, तापमान, तपासण्या नियमात आहेत, बास. ते रक्त तुम्हाला उपयोगी पडेल असं लायसन्स सांगत नाही, आणि हा फरक फोनवरची ताई कधी सांगत नाही.

उपयोगाबद्दल ज्यांनी बोलायचं त्यांनी स्पष्ट बोलून ठेवलंय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या स्टेमसेल मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय की भविष्यात स्वतःला लागेल म्हणून कॉर्ड ब्लड ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. आणि नाळेचा टिश्यू, वार, दातातला गर वगैरे गोष्टींच्या व्यापारी बँकिंगला तर परवानगीच नाही. पॅकेजमध्ये असं काही "कॉम्प्लिमेंटरी" दिसलं तर तिथंच थांबून विचारा. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं २०१८ मध्ये निवेदन काढलं, त्यात स्वतःचं रक्त पहिल्या वीस वर्षांत स्वतःला लागण्याची शक्यता अडीच हजारात एक ते दोन लाखात एक अशी दिली आहे. म्हणजे धरायचंच झालं तरी अंदाजातच केवढी दरी आहे बघा.

आता जरा प्रत्यक्ष काय होतं ते, कारण निम्म्या लोकांना वाटतं बाळाला सुई टोचतात. तसं काही नाही. कंपनी आधी किट देते, खोका, तो दवाखान्यात जाताना बॅगेबरोबर न्यायचा. बाळ बाहेर आलं, नाळेला चिमटा लावून कापली की वारेच्या बाजूला जो तुकडा उरतो त्याच्या शिरेत सुई घालतात, पिशवी खाली धरतात आणि रक्त आपोआप उतरत राहतं, पिशवीत गोठू नये म्हणून औषध आधीच असतं. पाच-दहा मिनिटांचं काम. आईचंही थोडं रक्त तपासणीला घेतात. मग कुरिअरवाला येतो आणि ते कोल्हापुरातून पुणे, मुंबई नाहीतर चेन्नई, जिथं कंपनीची लॅब असेल तिथं जातं, साधारण दोन-तीन दिवसांच्या आत पोचून प्रोसेस व्हायला पाहिजे, नाहीतर पेशी मरायला लागतात. तिथं मोजतात आणि उणे १९६ डिग्रीला लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतात. आपल्या गावाला इथं एक जादा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली तेव्हा शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, दूध आणि पेट्रोल गावात येत नव्हतं. पावसाळ्यातली तारीख असेल तर कंपनीला विचारायला हरकत नाही की रस्ता बंद झाला तर काय करता, आणि उत्तर फोनवर नको, करारात कुठं लिहिलंय ते दाखवा म्हणा.

पण खरा पेच नाळ कधी कापायची हा आहे. डब्ल्यूएचओ सांगतंय की निरोगी बाळाची नाळ किमान एक मिनिट थांबून, एक ते तीन मिनिटांत कापा, त्यात बाळाला साधारण ८० ते १०० मिली जादा रक्त मिळतं आणि पुढं लोह कमी पडत नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असतं अडीचशे मिलीच्या आसपास, म्हणजे ही काही किरकोळ भर नाही. आणि आपल्याकडं पोरांच्यात रक्त कमी असणं किती कॉमन आहे ते अंगणवाडीत विचारा. आता जे रक्त बाळात जातं तेच पिशवीत येणार नाही ना. थांबलात तर पिशवी कमी भरते, पिशवी भरायची म्हणून घाई केली तर बाळाचं जातं. १९८८ मध्ये हा विचार फारसा कुणाच्या डोक्यात नव्हता, तेव्हा लगेच कापायचीच पद्धत होती, म्हणून नाळेतलं रक्त "नाहीतर वायाच जातंय" हे वाक्य तेव्हा खरं होतं. आज ते पूर्ण खरं नाही, ब्रोशरवर मात्र तसंच राहिलंय.

मधल्या काळात आणखी आशा दाखवल्या गेल्या, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम. ड्यूकमध्ये कुर्टझबर्ग यांच्याच टीमनं ऑटिझमवर ट्रायल केली, निकाल २०२० मध्ये आला आणि मुख्य कसोटीवर फरक दिसला नाही. हे प्रयोग चुकीचे नाहीत, पण ट्रायल चालू असताना ती ब्रोशरवर उपचार म्हणून येते. टिकण्याबद्दल म्हणाल तर ब्रॉक्समायर यांनी २१ ते २३ वर्षं गोठवलेल्या रक्तातल्या पेशी चांगल्या निघतात हे २०११ मध्ये दाखवलं, म्हणजे नीट ठेवलं तर टिकतं. "नीट" हा शब्द महत्त्वाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयानं कॉर्डलाइफ कंपनीच्या टाक्यांचं तापमान बिघडल्याचं जाहीर केलं, एका टाकीतली सुमारे २,२०० युनिटं खराब झाली होती. वर्षानुवर्षं पैसे भरलेल्या आईबापांना हे बातमीतून कळलं. बाळ वाढदिवस करत मोठं होतं आणि टाकीत काय चाललंय ते घरबसल्या तपासायचा काही मार्ग नसतो.

तिकडं ट्रान्सप्लांटवाले डॉक्टरही पुढं सरकलेत. आता अर्धं जुळणाऱ्या दात्याकडून, म्हणजे आई, बाप अशा जवळच्या नातेवाइकाकडून, ट्रान्सप्लांट करता येतंय, त्याला हॅप्लो म्हणतात, आणि त्यामुळं गेल्या दहा-बारा वर्षांत कॉर्ड ब्लडची गरज बरीच कमी झाली. दात्री नावाची स्टेमसेल दात्यांची रजिस्ट्री २००९ पासून चेन्नईहून चालते, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नाव नोंदवता येतं, ते फुकट आहे. कंपन्यांनीही रोख बदलला, २०१७ पासून लाइफसेलनं "कम्युनिटी बँकिंग" आणलं, म्हणजे सगळ्या सभासदांची युनिटं एका साठ्यात आणि ज्याला लागेल त्यानं घ्यायचं. मला वाचताना हसू आलं. तीस वर्षं फिरून गाडी परत बहिणीचं रक्त भावाला ह्याच जागी आली, फक्त आता फी आहे. तरी नुसतं स्वतःसाठी ठेवण्यापेक्षा कल्पना बरी, तर्काला धरून आहे, फक्त साठा कंपनीच्या सभासदांपुरता आणि कंपनी चालू राहील तोवरचा.

मग कुणीच ठेवू नये का, तर तसं नाही, एक जागा पहिल्या दिवसापासून पक्की आहे. घरात आधीचं मूल थॅलेसेमियाचं असेल, सिकलसेलचं किंवा मॅरोच्या तसल्या आजाराचं असेल, तर येणाऱ्या भावंडाचं रक्त जरूर ठेवायचं, आयसीएमआर आणि बालरोगतज्ज्ञ दोघांचंही ह्यावर दुमत नाही. सिंधी, पंजाबी, गुजराती, कच्छी समाजांत थॅलेसेमियाचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण दोष पोराकडं देऊ शकणारे, जास्त आढळतात, म्हणून कोल्हापूरजवळच्या आपल्या गांधीनगरच्या सिंधी घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, पण वाहक कुठल्याही जातीत निघू शकतो आणि तो दिसायला ठणठणीत असतो. त्यासाठी नवराबायकोनी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच एचबीए-टू ची, म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक ओळखायची रक्ततपासणी करून घ्यायची, ती बँकेच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आणि घरात आजारी मूल असेल तर सातव्या महिन्यातल्या फोनची वाट बघत बसू नका, आधीच रक्तविकार तज्ज्ञांना भेटा, भावंड जुळतंय का हे कसं आणि कधी तपासायचं ते विचारा, आणि किट, कुरिअर, नाळ किती वेळ थांबून कापायची हे सगळं गायनॅकशी बोलून कागदावर ठरवून ठेवा, कारण रात्री दोनला कळा सुरू झाल्यावर लेबर रूमच्या दारात हे बोलायला कुणालाच वेळ नसतो.