रिचर्डची ओळख पटली ती बहिणीमुळे

ऑगस्ट 2012 मध्ये इंग्लंडच्या लेस्टर शहरात एका कार पार्किंगखाली खोदकाम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. पूर्वी तिथं ग्रेफ्रायर्स मठ होता. खड्डा आखूड, त्यामुळे डोकं कडेला टेकून वर राहिलेलं. शवपेटी नाही. पाठीचा कणा एका बाजूला चांगलाच वळलेला, कवटीवर नऊ घाव.

हा इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड असावा, असं वाटू लागलं. 1452 मध्ये जन्मलेला, यॉर्कच्या ड्यूकचा धाकटा मुलगा. तो आठ वर्षांचा असताना वडील आणि भाऊ एडमंड वेकफिल्डच्या लढाईत मारले गेले. थोरला भाऊ एडवर्ड राजा झाला आणि रिचर्ड ग्लॉस्टरचा ड्यूक. मधल्या जॉर्जला 1478 मध्ये राजद्रोहासाठी देहदंड झाला, तोही सख्ख्या भावाच्या राज्यात. 1483 मध्ये पुतण्याला बाजूला सारून रिचर्ड गादीवर बसला. पुढच्याच वर्षी एकुलता एक औरस मुलगा गेला, मार्च 1485 मध्ये पत्नी ॲन गेली आणि ऑगस्टमध्ये बॉसवर्थच्या रणांगणावर तो स्वतः पडला. वय 32.

मग डीएनए जुळवायचा कोणाशी? इथं बहीण ॲन उपयोगी पडली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे नेतात फक्त मुली. रिचर्ड आणि ॲन दोघांनाही तो आई सेसिली नेव्हिलकडून मिळालेला. ॲनच्या लेकी, नाती, पणती असा माग काढत संशोधक आजच्या दोन वंशजांपर्यंत पोचले. एकाचा डीएनए सांगाड्याशी पूर्ण जुळला, दुसऱ्यात एका अक्षराचा फरक. इतक्या पिढ्यांत तेवढा फरक पडतोच.

पुरुषांच्या बाजूनं मात्र गणित बिघडलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. त्यासाठी रिचर्डच्या खापरपणजोबांपर्यंत, म्हणजे तिसऱ्या एडवर्डपर्यंत वर जाऊन, त्याचा मुलगा जॉन ऑफ गाँट याच्या वंशातले पाच पुरुष तपासले. रिचर्डशी एकही जुळला नाही. पाचांपैकी एक तर उरलेल्या चौघांशीही जुळेना. म्हणजे कागदावरचा बाप आणि खरा बाप निदान दोन ठिकाणी वेगळे होते.

सरदार घराण्यांनी जिवापाड जपली ती मुलांची वंशावळ. त्यावर गाद्या ठरल्या, लढाया झाल्या. लेकींच्या नोंदी त्यामानानं विस्कळीत, तरी 500 वर्षांनंतर पुरावा म्हणून त्याच टिकल्या, हे मला या शोधातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. वेळही नेमकी साधली गेली: त्या दोन वंशजांपैकी एक पुरुष आहे, त्यामुळे त्याच्याकडचा हा डीएनए त्याच्या मुलांकडे जाणार नाही.