पॉवर फॉरवर्ड म्हणजे मारामारीवाला नव्हे

गेल्या गणपतीत आरती-जेवणं उरकल्यावर आमच्या दिवाणखान्यात गप्पांची गाडी हॉकीवर आली. फिलाडेल्फियाच्या आसपास तीसेक वर्षं काढलेल्या आम्हा मराठी मंडळींची हॉकी म्हणजे बर्फावरची. प्रत्येकाला लाडका खेळाडू विचारत होते. मी आमच्या फिलाडेल्फियाच्या संघाकडून खेळलेल्या जॉन लक्लेअरचं नाव घेतलं. लगेच एक भावजी म्हणाले, "तो होय! पॉवर फॉरवर्ड. म्हणजे मारामारीवालाच ना?" चारजणांनी माना डोलावल्या.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. पॉवर फॉरवर्ड वेगळा आणि एन्फोर्सर वेगळा. दोघं धिप्पाड दिसतात, दोघं धडका देतात, म्हणून त्यांना एकाच पारड्यात टाकणं म्हणजे पहिलवान आणि दारावरचा रखवालदार एकच म्हणण्यासारखं आहे.

एन्फोर्सर तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. ज्याने आयुष्यात एकही सामना पाहिला नाही त्यानेही त्याचे व्हिडिओ पाहिलेले असतात. हातमोजे बर्फावर टाकायचे, समोरच्याची जर्सी मुठीत धरायची, ठोसे, मग दोघांना शिक्षा म्हणून पाच-पाच मिनिटं खेळाबाहेर, पेनल्टी बॉक्समध्ये. आपल्या संघातल्या नाजूक कलाकाराला कुणी हात लावू नये, लावलाच तर हिशेब चुकता व्हावा, एवढंच त्याचं काम. एडमंटनमध्ये ग्रेट्झ्कीच्या आजूबाजूला डेव्ह सेमेंको असायचा, टोरांटोत टाय डोमी. आमच्याच संघातला डेव्ह शुल्ट्झ 1974-75 च्या मोसमात 472 मिनिटं पेनल्टीत बसला होता आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. एन्फोर्सरबद्दल एवढं पुरे.

आता ओळख कशी पटवायची? लोक तीन खुणा सांगतात आणि तिन्ही कच्च्या आहेत. पहिली, उंची-वजन. लक्लेअर सहा फूट तीन इंच, सव्वादोनशे पौंडांचा. डोमी जेमतेम पाच फूट दहा इंच. म्हणजे जो मारामारीवाला तोच बुटका. दुसरी खूण, मारामारी करतो की नाही. बोस्टनचा कॅम नीली हा पॉवर फॉरवर्डचा आदर्श नमुना मानतात, आणि तो वेळ आली की उत्तम मारामारी करायचा. तिसरी, पेनल्टीची मिनिटं. ही खूण बरीच कामाची वाटते. लक्लेअर 967 सामन्यांत 501 मिनिटं बाहेर बसला, डोमी 1,020 सामन्यांत 3,515 मिनिटं. गोल पाहा: लक्लेअरचे 406, डोमीचे 104. इतकं स्वच्छ चित्र दुसरं मिळणार नाही असं वाटतं ना? पण मग रिक टॉकेट येतो. त्याच्या नावावर 440 गोल आणि 2,972 मिनिटं पेनल्टी. त्याला कुठे बसवणार?

टॉकेट पॉवर फॉरवर्डच होता, यात मला तिळमात्र शंका नाही. कारण खरी खूण वेगळीच आहे. खेळाडू आपलं शरीर खर्च करतो तेव्हा पक, म्हणजे ज्याने गोल होतो ती रबरी चकती, कुठे असतो, ते बघा.

एन्फोर्सरचं काम सुरू होतं तेव्हा खेळ थांबलेला असतो किंवा थांबतो. शिट्टी वाजलेली असते किंवा वाजते, पक कुठेतरी कोपऱ्यात पडलेला असतो, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. पॉवर फॉरवर्ड शरीर वापरतो ते पकसाठी, गोलपर्यंत पोचण्यासाठी, आणि पोचल्यावर तिथेच टिकून राहण्यासाठी. आपल्याला कबड्डी कळते, म्हणून तसंच सांगते. चढाई करणाऱ्याला तिघांनी कंबरेला, पायाला धरलंय, आणि तो त्या तिघांना ओढत मध्यरेषेला बोटं टेकवतो. तिथे ताकद दिसते, पण ती ताकद गुणासाठी असते. त्या चढाईपटूला कुणी "मारामारीवाला" म्हणत नाही. पॉवर फॉरवर्ड म्हणजे तोच माणूस, पायात स्केट घातलेला.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. त्याच्यापुढे निळ्या रंगाचं क्रीज, गोलकीपरचं अंगण. त्या अंगणाच्या कडेला लक्लेअर पाठ करून उभा राहायचा. मागून बचावपटू त्याच्या कंबरेत स्टिकचा दांडा खुपसतोय, मानेवर कोपर ठेवतोय. लांबून, निळ्या रेषेवरून आमचाच बचावपटू एरिक देजार्दां जोरदार फटका मारणार. गोलकीपर वाकून, मान इकडून तिकडून काढून पक शोधतोय, पण समोर लक्लेअर नावाची भिंत. या सगळ्या रेटारेटीत लक्लेअरच्या स्टिकचं पातं बर्फाला टेकलेलंच असायचं. फटका आला की पात्याला निसटता स्पर्श, पकची दिशा तीन-चार इंच बदलली, गोल. किंवा गोलकीपरच्या पॅडवरून पक परत आला तर दुसऱ्याच क्षणी तो आत ढकललेला. टीव्हीवर हे पाहताना लोक म्हणतात, "नशीब! तिथेच उभा होता." तिथे उभं राहणं हीच तर कला आहे. लोकांना ती दिसत नाही म्हणून मला वाईट वाटतं.

मलाही आधी दिसत नव्हती. 1995 च्या हिवाळ्यात मी सांगलीहून थेट इथे आले, लग्न होऊन सहा महिने झालेले. शेजारी एक निवृत्त सुतार आजोबा राहायचे, त्यांनी मला हॉकी शिकवली. एकदा त्यांच्या गॅरेजच्या दारासमोर मुलांचं जुनं जाळं ठेवलं, मला पुढ्यात उभं केलं आणि म्हणाले, मी ढकलतो, तू हलायचं नाहीस. सत्तरीचा माणूस, खांद्याने एक रेटा दिला आणि मी दोन पावलं पुढे गेले. मग त्यांनी मला गुडघे वाकवायला लावले, पाय फाकवून, कंबर खाली, वजन टाचांवर नाही तर चवड्यांवर. मला हसू आलं, कारण तालमीत पोरं घेतात तो हा पैतराच होता. पुन्हा रेटा दिला. आता हलले नाही. "आता स्टिक कुठंय तुझी?" ते म्हणाले. स्टिक मी आधारासाठी वर छातीशी धरली होती. "मग काय उपयोग? तू नुसती उभी आहेस." खाली रेटा सोसायचा आणि वर हात मोकळे ठेवायचे, ही दोन कामं एकाच वेळी करायला किती अवघड आहेत ते मला त्या दिवशी अंगाला कळलं.

आणि म्हणूनच पॉवर फॉरवर्ड बहुधा उशिरा बहरतो. हे समजून घेतल्याशिवाय हा फरक पुरता कळत नाही. अठराव्या वर्षी संघ खेळाडूंची निवड करतात तेव्हा या पोरांची हाडं नुसती लांबलेली असतात. पुढच्या चार-पाच वर्षांत वीस-तीस पौंड चढतात, आणि प्रत्येक पौंडाबरोबर बर्फावरचा तोल नव्याने शिकावा लागतो. लहान चणीचा चपळ खेळाडू विशीतच तयार असतो, कलमी आंब्यासारखा. हे रायवळ झाड असतं, त्याला वेळ द्यावा लागतो. दुसरं कारण त्याहून वाईट. मोठं अंग दिसलं की प्रशिक्षक त्याला चौथ्या फळीत टाकतात, रात्रीतून सात-आठ मिनिटं खेळवतात आणि सांगतात, जा, धडका दे. म्हणजे पॉवर फॉरवर्ड व्हायच्या आधीच त्याला अर्धा एन्फोर्सर करून टाकतात. दोन शब्दांतला गोंधळ फक्त गप्पांमध्ये राहत नाही, तो पोरांची वर्षं खातो.

लक्लेअरचंच बघा. व्हरमाँटसारख्या छोट्या राज्यातला मुलगा, 1987 मध्ये माँट्रियलने 33 व्या क्रमांकावर घेतला. 1993 च्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत लॉस एंजेलिसविरुद्ध तिसरा आणि चौथा, लागोपाठ दोन सामने त्याने ओव्हरटाइमच्या गोलने जिंकून दिले. माँट्रियलने कप उचलला. एवढं करूनही त्या मोसमात आणि पुढच्या मोसमात त्याचे गोल 19 आणि 19. संघाचा कल बचावाकडे, आणि हा मोठा गडी काय करू शकतो हे कुणी नीट पाहिलंच नाही. 9 फेब्रुवारी 1995 ला त्याला देजार्दां आणि गिल्बर्ट डियॉनसह फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, बदल्यात मार्क रेकी गेला. सगळ्यांना वाटलं, खरा सौदा देजार्दांचा, लक्लेअर वरकड. तोवर माँट्रियलकडून नऊ सामन्यांत त्याचा एक गोल होता. इथे त्याला एरिक लिंड्रॉस आणि मिकाएल रेनबर्गच्या शेजारी उभं केलं आणि उरलेल्या 37 सामन्यांत त्याने 25 गोल केले. माणूस तोच, अंग तेच, फक्त गोलपुढे उभं राहायची परवानगी मिळाली. पुढचे तीन मोसम 51, 50 आणि 51. सलग तीन वर्षं पन्नास गोल करणारा तो पहिला अमेरिकन.

नीलीचीही कथा याच वाटेची. व्हँकुव्हरने तीन मोसमांत त्याला फारसं पुढे येऊ दिलं नाही आणि 1986 मध्ये, नेमका त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी, त्याला बोस्टनला दिलं, वर नव्या खेळाडूंच्या निवडीतला पहिल्या फेरीचा एक हक्कही दिला. बोस्टनमध्ये पहिल्याच वर्षी 36 गोल. पुढे मांडी आणि गुडघा दोन्ही निकामी झालेले असताना 1993-94 मध्ये त्याने आपल्या 44 व्या सामन्यात 50 वा गोल केला. टॉकेट तर सहाव्या फेरीत निवडलेला. पहिली दोन वर्षं 14-14 गोल आणि भरपूर मारामाऱ्या, मग 21, 31, 45. त्याने मारामारी सोडली नाही, पण गोलपुढची जागा शोधली.

माझ्या मुलाच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं. तेराव्या वर्षी तो संघातल्या सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच होता. त्याच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाने त्याला एकच गोष्ट शिकवली, समोरचा दिसला की आपट. दोन वर्षं तो पेनल्टी बॉक्समध्ये बसून रडवेल्या चेहऱ्याने खेळ बघायचा. पुढे दुसऱ्या संघात गेला तेव्हा तिथल्या प्रशिक्षिकेने पहिल्या दिवशी त्याला गोलपुढे उभं केलं आणि स्टिकच्या पात्याखाली एक कागद ठेवला. मागून दोन पोरं ढकलताहेत, कागद उडता कामा नये. अर्धा तास. घरी आला तो खांदे चोळत, पण मला म्हणाला, "आई, आज कुणालाच नाही आपटलं."

दोन नावं लोक हमखास पुढे करतात, त्यांचं सांगते. पहिलं, बॉब प्रोबर्ट. डेट्रॉइटकडून 1987-88 मध्ये 29 गोल आणि 398 मिनिटं पेनल्टी. हात चांगले होते त्याचे, मान्य. पण संघाला तो हवा होता तो मुठींसाठी, आणि त्या मुठींची किंमत त्याने मोजली. 45 व्या वर्षी गेला, नंतर मेंदू तपासला तेव्हा वारंवार बसलेल्या आघातांचा आजार सापडला. डेरेक बूगार्ड 28 व्या वर्षी गेला, 277 सामन्यांत तीन गोल, त्याच्या मेंदूतही तेच. मारामारीच्या क्लिप्स करमणूक म्हणून पाठवणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं.

दुसरं नाव टॉड बर्टुझी. तोही उशिरा बहरलेला, व्हँकुव्हरकडून 2002-03 मध्ये 46 गोल. मार्च 2004 मध्ये त्याने स्टीव्ह मूरला मागून मारलं, मूरच्या मानेची हाडं मोडली, तो पुन्हा कधी एनएचएलमध्ये, म्हणजे या सर्वात वरच्या लीगमध्ये, खेळला नाही. "बघा, हाच तुमचा पॉवर फॉरवर्ड," असं मला ऐकवतात. मी उलट म्हणते, त्या क्षणी पक कुठे होता? त्याने सूड घेतला, म्हणजे त्या मिनिटाला तो आपला खेळ सोडून दुसऱ्याच धंद्यात शिरला. ते कृत्य अक्षम्यच आहे, पण त्यावरून 46 गोल कसे झाले ते कळत नाही.

ग्राइंडर नावाचा तिसरा प्रकारही असतो, कोपऱ्यात कष्ट करणारा. त्याला कुणी चुकून दुसरं काही समजत नाही, म्हणून सोडते.

आता एन्फोर्सर जवळपास नाहीसा झालाय. रात्री चार मिनिटं खेळणाऱ्यासाठी जागा अडवणं कुणाला परवडत नाही. पॉवर फॉरवर्ड मात्र टिकला, आणि अजूनही उशिराच बहरतो. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनचे पहिल्या चार मोसमांत मिळून 21 गोल होते, 2024-25 मध्ये एकट्या मोसमात 33. आणि न्यूयॉर्क रेंजर्सकडून खेळताना ख्रिस क्रायडरने आधी कधी 28 च्या वर न जाता 2021-22 मध्ये 52 गोल केले, त्यातले 26 पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरचा खेळाडू पेनल्टीत बसलेला असताना, बरेचसे गोलपुढे उभं राहून निसटत्या स्पर्शाने. रेंजर्स म्हणजे आमचे हाडवैरी. तरी त्या हिवाळ्यात मी त्यांचे सामने लावून बसायचे. एका रात्री मुलाचा फोन आला, तो दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. हॅलोसुद्धा न म्हणता त्याने विचारलं, "बघितलंस? दोघं लटकले होते त्याच्या अंगाला, आणि पातं खालीच."