विकत घेतलेलं यंत्र आणि कंपनीचं कुलूप : पार्श्वभूमी

फोनमध्ये कोणतं ॲप टाकायचं, फुटलेला स्क्रीन कुठे बदलायचा, प्रिंटरमध्ये कोणाचा टोनर घालायचा, हे मालकाने ठरवायचं की कंपनीने? हा वाद स्मार्टफोनच्या कितीतरी आधीचा आहे.

अमेरिकेत टेलिफोनवर एटी अँड टीची जवळपास मक्तेदारी होती, तेव्हा घरातला फोनही कंपनीच्याच मालकीचा असे. त्याला बाहेरची कोणतीही वस्तू जोडायला कंपनीच्या दरपत्रकातच मनाई होती. 'हश-अ-फोन' हे फोनच्या तोंडावर बसवायचं, पेल्यासारखं साधं उपकरण. त्यात ना तार, ना वीज. आपलं बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये एवढाच उपयोग. त्यालाही कंपनीने हरकत घेतली आणि सरकारी दूरसंचार आयोगाने ती मान्य केली. १९५६मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. ग्राहकाच्या सोयीचं असेल आणि इतरांना अपाय करत नसेल, तर अडवता येणार नाही, हे तत्त्व तिथून आलं.

१९६८मध्ये टेक्ससच्या थॉमस कार्टर यांच्या 'कार्टरफोन'चा निकाल लागला. टेलिफोनचा रिसीव्हर या उपकरणावर ठेवला की रेडिओवरचा माणूस फोनवरच्या माणसाशी बोलू शके. जोडणी फक्त आवाजाची. आयोगाने मनाईचं कलमच रद्द केलं. इतिहास सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात, पण खरा धडा पुढे आहे. कंपनीने लगेच नवी अट घातली : बाहेरचं यंत्र जोडायचं तर मध्ये आमचं 'संरक्षक' जोडयंत्र बसवा आणि त्याचं दरमहा भाडं भरा. परवानगी मिळाली, पण वापरणं महाग झालं. ही कोंडी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात फुटली. यंत्राने लाइनवर किती तीव्रतेचा सिग्नल सोडायचा याच्या मर्यादा आयोगाने ठरवल्या, यंत्रांची नोंदणी सुरू केली आणि आरजे-११सारखं प्रमाणित सॉकेट आणलं. त्यानंतर कोणत्याही कंपनीचं आन्सरिंग मशीन, फॅक्स किंवा मोडेम थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडता येऊ लागलं.

१९९८मध्ये अमेरिकेत 'डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट' हा कायदा आला. डिजिटल कुलूप तोडायला मनाई करणारं त्याचं कलम १२०१ चित्रपट-संगीताची चोरी रोखण्यासाठी होतं. पण सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्रात शिरलं आणि कलमही त्याच्या मागोमाग गेलं. प्रिंटर बनवणाऱ्या लेक्समार्कने दुसऱ्याचा टोनर चालू नये म्हणून टोनरच्या डब्यावर चिप बसवली आणि त्या चिपची नक्कल करणाऱ्या कंपनीवर याच कलमाखाली दावा लावला. २००४मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही.

या कलमातली मेख अशी. त्यात मनाया दोन आहेत : कुलूप तोडण्याची आणि कुलूप तोडायचं साधन बनवून देण्याची. दर तीन वर्षांनी जाहीर होणाऱ्या सवलती फक्त पहिल्या मनाईला लागू होतात. २०१५मध्ये ट्रॅक्टरच्या मालकाला दुरुस्तीसाठी त्यातलं सॉफ्टवेअर उघडण्याची मुभा मिळाली, पण त्यासाठी लागणारं साधन त्याला विकणारा मात्र कायद्याच्या कचाट्यातच राहिला. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःच प्रोग्रामर व्हावं, अशी ही अपेक्षा आहे. शिवाय सवलत कायमची नसते. फोन दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालावा म्हणून अनलॉक करण्याची सवलत जानेवारी २०१३पासून नव्या फोनना मिळेनाशी झाली. लाखाहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे ऑनलाइन अर्ज केला, तेव्हा ऑगस्ट २०१४मध्ये वेगळा कायदा करून ती परत आणावी लागली.

आताचं कुलूप सुट्या भागांत आहे. स्क्रीन किंवा बॅटरीचा अनुक्रमांक मुख्य बोर्डाशी सॉफ्टवेअरने जुळवलेला असतो. दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग बसवला तरी 'अनोळखी भाग' अशी सूचना येऊ शकते, काही सोयी बंद पडू शकतात. २०२४मध्ये ओरेगॉन राज्याने कायदा करून या प्रथेला आळा घातला.

युरोपात, मोठ्या टेक कंपन्यांनी आपली व्यासपीठं इतरांना खुली करावीत असं सांगणाऱ्या 'डिजिटल मार्केट्स ॲक्ट'च्या अटी ७ मार्च २०२४पासून त्यांना बंधनकारक झाल्या. मोडल्यास जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. ॲपलने आयफोनवर इतरांच्या ॲप स्टोअरला वाट दिली, पण ॲपलच्या नव्या व्यावसायिक अटी स्वीकारणाऱ्या ॲपला १० लाखांपुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे वर्षाला ५० युरो सेंट शुल्क लावलं. भाड्याचं जोडयंत्र आठवावं, अशीच ही आकारणी होती.

युरोपच्या बॅटरी नियमाने मात्र त्या प्रमाणित सॉकेटचा मार्ग धरला आहे. १८ फेब्रुवारी २०२७पासून, काही अपवाद सोडून, उपकरणातली बॅटरी बाजारात मिळणाऱ्या अवजारांनी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. खास अवजार लागत असेल तर ते उपकरणासोबत फुकट द्यावं लागेल.