नव्या सागाचा रंग उतरवताना

जुन्या नाशकात, भद्रकालीजवळच्या एका वाड्यातलं सागवानी कपाट श्रावणात माझ्याकडे दुरुस्तीला आलं. दाराची खालची पट्टी वाळवीनं पोखरली होती. सुतारकाकांनी रेषा जुळवून नव्या सागाचा तुकडा इतका नेमका बसवला की सांध्यात नखही जाईना. रंग मात्र जुळेना. वर्षानुवर्षं खिडकीसमोर उभं असलेलं दार उजेडानं मधाच्या रंगाचं झालं होतं, आणि नवा साग करडा-तपकिरी. "ताई, दार घासून दोन्हीला गडद पॉलिश मारू," काका म्हणाले. मी नको म्हटलं. जुन्या दाराचा रंग हा त्या कपाटाचा इतिहास आहे. बदलायचा तो नवा तुकडा.

लाकडाचा रंग येतो लिग्निन या त्याला कणखरपणा देणाऱ्या घटकामुळे आणि गाभ्यात साठलेल्या अर्कांमुळे. त्यांच्या रेणूंत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात आणि प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात. कॉस्टिक सोड्याच्या जोडीनं हायड्रोजन पेरॉक्साइड ही साखळी मोडतं. मग रेणूंचे अवशेष लाकडात राहिले तरी रंग दिसत नाही. औषधाच्या दुकानात मिळतं ते पेरॉक्साइड ३ ते ६ टक्क्यांचं. लाकडाला साधारण ३० टक्क्यांचं लागतं, आणि ते कातडी भाजतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय बाटली उघडूच नये.

बिजागरीच्या खिळ्यांभोवतीचे काळे डाग ही वेगळी गोष्ट. ओल लागली की लोखंड लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग पावतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई व्हायची ती याच रसायनानं! इथे पेरॉक्साइड कामाचं नाही, लोखंडाच्या संपर्कात ते स्वतःच विघटित होतं. इथे लागतं ऑक्झॅलिक आम्ल. ते लोखंडाला धरून पाण्यात विरघळवतं. बारीक ब्रशनं फक्त डागावर लावलं, तर काळं निळसर होत जातं, मग फिकट. नंतर ओल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसायचं, कारण मागे राहिलेले स्फटिक घासताना उडून नाकाघशाला झोंबतात. हे आम्ल ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन निघतो.

नव्या तुकड्यासाठी आधी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर तीन वेळा पेरॉक्साइड लावून पाहिलं. जुन्या दारापेक्षा किंचित फिकट झालं की थांबायचं, कारण उरलेली छटा चपडीच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशमध्ये देता येते, आणि ते पॉलिश स्पिरिटनं कधीही काढता येतं. पट्टीला पेरॉक्साइड लावून झाल्यावर सोड्याचा अंमल घालवायला पातळ व्हिनेगर, मग स्वच्छ पाणी. दमट हवेत ती वाळायला चार दिवस लागले. पाण्यानं उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरनं अलगद बसवले आणि पट्टीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. ओलं लाकूड पॉलिशखालचा रंग आधीच दाखवतं. काका वाकून पाहत होते. "अजून एक हात नको," ते म्हणाले.