सड्यावरचं वाळकं गवत मेलेलं नसतं

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या ‘ओसाड सड्यावर’, म्हणजे कातळाच्या पठारावर, वृक्षारोपण झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. फोटोत रोपं घेतलेली मंडळी आणि मागे काळपट कातळ. हेतू चांगलाच असतो. पण सडा ओसाड असतो हे गृहीतकच चुकीचं आहे, आणि ते सरकारी दप्तरातही मुरलेलं आहे. सातबाऱ्यावर असली जमीन ‘पोटखराबा’ म्हणून लागते, कारण तिच्यात पीक येत नाही. वनस्पतींच्या बाबतीत मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे फार श्रीमंत आहेत, आणि तिथल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे मिळत नाहीत.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. मूळ खडकातली सिलिका लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन गेली, लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली आणि उघड्यावर घट्ट झाली. रत्नागिरीला वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एवढा पाऊस असूनही सड्यावरच्या वनस्पतीला दुष्काळी मुलखातलं आयुष्य काढावं लागतं. जागा कोरडी की ओली हे किती पाणी पडलं यापेक्षा मुळांपाशी किती थांबलं यावर ठरतं. कातळावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. पाणी वाहून जातं, नाहीतर जांभ्याच्या भोकांतून खाली उतरतं. मेच्या दुपारी तिथे अनवाणी पाय ठेववत नाही. भर श्रावणातसुद्धा पावसाने आठवडाभर ओढ दिली की वरची माती कडकडीत होते.

अशा जागी टिकायचे काही सोपे मार्ग आहेत. तेरडा, कवला, गेंद, सीतेची आसवे यांच्यासारख्या वर्षायू वनस्पती चार महिन्यांत जन्मून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. त्यांतली सीतेची आसवे तर कीटकभक्षी आहे, कारण या मातीत नायट्रोजन अगदीच तुटपुंजा असतो. कोकण दीपकाडीसारख्या वनस्पती जमिनीखाली कांदा करून दडून बसतात. ही दीपकाडी कोकणातल्या सड्यांची प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच उगवणारी आहे, पांढऱ्या लांबट फुलांची, आणि आता दुर्मीळ.

मला खरं बोलायचं आहे ते तिसऱ्या मार्गाबद्दल. ट्रायपोगॉन नावाचं बुटकं गवत आणि कातळाच्या फटींतले काही नेचे पळूनही जात नाहीत आणि दडूनही बसत नाहीत. ते आहेत तिथेच, पानांसकट, वाळतात. साध्या झाडाच्या पेशींतलं निम्म्याहून जास्त पाणी गेलं तर ते पुन्हा सावरत नाही. या वनस्पतींमध्ये दहा टक्क्यांहूनही कमी पाणी उरतं. चुरगाळलं तर भुगा व्हावा अशी ती पानं. आणि पाऊस पडल्यावर एक-दोन दिवसांत तीच पानं हिरवी होऊन प्रकाशसंश्लेषण करू लागतात. नवी पालवी फुटत नाही, जुनंच पान चालू होतं. यांना पुनरुज्जीवी वनस्पती म्हणतात.

पाणी गेलं की पेशी का मरते ते आधी पाहू. पेशीचं आवरण मेदाच्या रेणूंचं असतं आणि त्या रेणूंची टोकं पाण्याच्या आधाराने एकमेकांपासून अंतर राखून असतात. पाणी निघून गेलं की ती दाटीवाटीने चिकटतात, आवरण घट्ट होतं, आणि पुन्हा पाणी आलं की तिथूनच गळती सुरू होते. प्रथिनांचे काळजीपूर्वक घडी केलेले आकारही बिघडतात, गोळे होतात. त्यात भर उन्हाची. पाणी नाही म्हणून पानाची रंध्रं बंद, म्हणून कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. पण हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहतं. खर्च न झालेली ती ऊर्जा ऑक्सिजनकडे जाते आणि त्याची अतिक्रियाशील रूपं तयार होतात. ती समोर येईल ते जाळत सुटतात.

पुनरुज्जीवी वनस्पती या सगळ्याची तयारी पाणी असतानाच सुरू करते. पेशीत शर्करा साठवते, सपुष्प वनस्पतींमध्ये बहुधा सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातली साखरच. आफ्रिकेतल्या क्रेटरोस्टिग्मा या वनस्पतीत ओल्या पानांत आठ कार्बनची ऑक्टुलोज ही शर्करा असते आणि पान वाळू लागलं की तिचं सुक्रोज होतं. शर्करेच्या रेणूवरचे हायड्रॉक्सिल गट पाण्याची जागा घेतात आणि आवरणातल्या रेणूंमधलं अंतर टिकवतात. पाणी आणखी घटलं की पेशीतला द्रव चिक्कीच्या पाकासारखा होतो: स्फटिक न होता थिजतो, काचेसारखा. या काचेत रेणू जवळपास हलत नाहीत, म्हणून बिघाडही अतिशय मंद होतो. सोबत ‘एलईए’ नावाची प्रथिनं असतात, ती इतर प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. पेशीभित्तिका मोडत नाही, घड्या घालून आत येते. उन्हाचा बंदोबस्त दोन प्रकारे होतो. काही वनस्पती हरितद्रव्य राखतात पण पान गुंडाळून घेतात आणि लालसर अँथोसायनिनचा पडदा धरतात. आफ्रिकेतल्या झेरोफायटासारख्या काही तर हरितद्रव्याचं सगळं यंत्रच मोडून ठेवतात आणि पाऊस आला की नव्याने उभारतात.

या सगळ्याला वेळ लागतो. त्यामुळे यातल्या बहुतेक सपुष्प वनस्पती झटकन वाळवल्या तर मरतात. सावकाश वाळल्या तरच जगतात.

ही सगळी युक्ती आपल्या घरातही आहे. एलईए प्रथिनं प्रथम सापडली ती कपाशीच्या बियांत, 1981 साली. भाताचं, नाचणीचं बियाणं वाळवून कणगीत ठेवता येतं ते याच शर्करा आणि प्रथिनांच्या जोरावर. उलट आंब्याची कोय किंवा फणसाची आठळ वाळली की मेली. त्या बियांना वाळणं सोसत नाही. बहुतेक वनस्पती ही विद्या बीमध्ये वापरतात आणि रोप होताच बंद करतात. पुनरुज्जीवी वनस्पतींनी बीचेच जनुक पानात पुन्हा चालू केले आहेत. ओरोपेटियम थोमियम या भारतातही उगवणाऱ्या अशाच एका चिमुकल्या गवताचा जनुकसंच 2015 मध्ये उलगडला गेला.

यावरून ‘आता दुष्काळात न मरणारं पीक येणार’ अशा बातम्या अधूनमधून झळकतात. संशोधन गंभीर आहे, पण इथे एखाद-दुसऱ्या जनुकाचं काम नाही, शेकडो जनुकांची साखळी आहे. शिवाय वाळलेली वनस्पती वाढत नाही. जीव वाचला तरी दाणा भरेलच असं नाही.

जत्रेत ‘संजीवनी बुटी’ म्हणून वाळके गोळे विकतात, त्याबद्दलही सांगायला हवं. ती बहुधा सेलाजिनेला ही अशीच एक पुनरुज्जीवी वनस्पती असते. पाण्यात टाकली की उलगडते, आणि विकणारा सांगतो की माणसालाही अशीच उठवेल. स्वतःच्या पेशींत केलेली ही तयारी काढ्यातून दुसऱ्याच्या पेशीत जात नाही. नुसतं उलगडणं हा जिवंतपणाचा पुरावाही नाही. बाळंतीण सुखरूप सुटावी म्हणून पाण्यात ठेवतात ते मरियम बुटीचं झुडूप मेलेलंच असतं. मेलेल्या पेशींच्या भिंतींनी पाणी शोषलं की फांद्या फाकतात, एवढंच. बाळंतपणाला दवाखाना हवा.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातून अशा 62 पुनरुज्जीवी जातींची नोंद केली आहे. त्याआधी इथून जेमतेम नऊ माहीत होत्या. त्यांचं मुख्य घर उघडा कातळ. कातळशिल्पांमुळे सड्यांकडे लोक वळले, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण शिल्पाशेजारचं गवत अजून कुणाच्या लेखी नाही. सुरुंगाने खड्डे पाडून, माती भरून हापूसची कलमं लावली जातात. कुठे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून ‘हिरवाई’ केली जाते. झाडं जरूर लावावीत: ऐन, किंजळ, जांभूळ, आणि ती सड्याच्या उतरणीवर किंवा पऱ्याच्या काठी, जिथे माती आहे. सड्यावर माती आणून टाकणं हाच तिथल्या वनस्पतींवरचा मोठा घाव आहे. त्या हळू वाढतात, उंच होत नाहीत. खोल माती मिळाली की झपाट्याने वाढणारं तण त्यांच्यावर सावली धरतं. चिरेखाणीत तर वरचा कातळच कापून नेला जातो. भराव टाकून बुजवलेली अशी खाण पहिल्याच पावसात हिरवी दिसते, पण तिथे उगवलेलं असतं ते टाकळा आणि रानमोडी यांच्यासारखं तण.