१३९ आणि १३८ गुण: वेगवेगळ्या काळांतील बचावपटूंची तुलना

बॉबी ऑर याने १९७०-७१ च्या मोसमात बॉस्टन ब्रुइन्सकडून ७८ सामन्यांत १३९ गुण मिळवले, तर पॉल कॉफी याने १९८५-८६ मध्ये एडमंटन ऑयलर्सकडून ७९ सामन्यांत १३८. आइस हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याआधी पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, पुढे सरकवणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांनाही प्रत्येकी एक. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, बचावपटूने एका मोसमात मिळवलेले हे सर्वाधिक दोन आकडे आहेत. कागदावर त्यांत एकाच गुणाचे अंतर दिसत असले, तरी ते अंतर प्रत्यक्षात बरेच मोठे आहे.

ऑरच्या त्या मोसमात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी सव्वासहा गोल होत. कॉफीच्या मोसमात जवळजवळ आठ. ऐंशीच्या दशकात खेळ मोकळा आणि आक्रमक झाला होता, आणि गोलरक्षक बरेचसे उभ्यानेच फटके अडवत. पुढे गुडघ्यांवर येऊन जाळ्याचा खालचा भाग झाकण्याची पद्धत रूढ झाली, संरक्षक साहित्य मोठे झाले आणि गोल आटले. गोलांच्या या महागाई-स्वस्ताईचा हिशेब करून कॉफीचे गुण ऑरच्या काळाच्या दराने मांडले, तर ते ११० च्या आसपास येतात.

मात्र एवढ्याने काम भागत नाही, कारण सरासरी सगळ्या लीगची असते आणि बचावपटूंची कामगिरी काळाप्रमाणे बदलत गेली आहे. म्हणून दुसरे माप घ्यावे लागते: त्याच मोसमात दुसऱ्या क्रमांकाच्या बचावपटूने किती गुण मिळवले? १९७०-७१ मध्ये हा आकडा ६३ होता, म्हणजे ऑर दुपटीहून पुढे. १९८५-८६ मध्ये तो ८२ होता. २०२२-२३ मध्ये सॅन होजे शार्क्सच्या एरिक कार्लसनने १०१ गुण मिळवले, १९९१-९२ नंतर प्रथमच एखाद्या बचावपटूने शंभरी गाठली, आणि त्याच्या मागचे दोघे ७६ वर होते. म्हणजे आघाडी सुमारे एक-तृतीयांशाची.

इथे एक अडचण आहे, आणि डॉन ब्रॅडमनच्या ९९.९४ च्या सरासरीवर वाद घालणाऱ्यांना ती परिचयाची असेल. एखाद्या खेळाचा सर्वसाधारण दर्जा उंचावत गेला की सर्वोत्तम आणि सामान्य खेळाडूंमधले अंतर आपोआप आकसते, कारण कच्चे खेळाडू गळून पडतात, पण मानवी क्षमतेची वरची मर्यादा तेवढी सरकत नाही. १९६७ मध्ये एनएचएलचे संघ सहावरून एकदम बारा झाले, १९७० मध्ये चौदा, आणि ते भरायला खेळाडू जवळजवळ सगळे कॅनडातूनच आले. नव्या संघांचा बचाव साहजिकच विरळ होता. कार्लसनच्या पिढीला स्वीडन, फिनलंड, रशिया आणि अमेरिकेतून निवडून आलेल्यांशी झुंजावे लागले. तरीही ऑरची आघाडी केवळ विरळ स्पर्धेने समजावता येईल, असे मला वाटत नाही: त्या विरळ स्पर्धेचा फायदा इतर बचावपटूंनाही होता, आणि त्यांच्यातला सर्वोत्तम ६३ वरच थांबला.

कारकिर्दीची बेरीज करणे मात्र ऑरवर अन्याय करते. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे तो ६५७ सामने खेळून तिशीतच थांबला. रे बोर्क १,६१२ सामने खेळला आणि १,५७९ गुणांसह बचावपटूंच्या यादीत आजही पहिला आहे.

या सगळ्यात प्रत्यक्ष बचाव कुठे मोजला? प्लस-मायनस, म्हणजे खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा फरक, बराचसा संघाचाच आरसा असतो. ऑरचा त्या मोसमातला +१२४ हा विक्रम आहे, पण त्याच्या संघाने ३९९ गोल केले होते. कार्लसन -२६ वर होता, कारण त्याच्या संघाने ८२ पैकी २२ सामनेच जिंकले, आणि तरीही सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक तोच घेऊन गेला. निकलस लिडस्ट्रॉम हा सात वेळा नॉरिस जिंकणारा स्वीडिश खेळाडू डेट्रॉइटकडून १,५६४ सामने खेळला आणि त्यांत त्याला नियमभंगासाठी बर्फाबाहेर बसण्याची एकूण ५१४ मिनिटांचीच शिक्षा झाली. प्रतिस्पर्ध्याला न पाडता, योग्य जागी आधीच उभे राहून अडवणाऱ्याचा ठसा अशा आडवळणाच्या आकड्यातच सापडतो.

माँट्रियलचा डग हार्वी, पन्नाशीच्या दशकातला, तर आकड्यांत जवळजवळ दिसतच नाही: १,११३ सामन्यांत ८८ गोल, आणि तो किती वेळ बर्फावर असे याची अधिकृत नोंद नाही, कारण ती १९९७-९८ पासून सुरू झाली. त्या काळी शिक्षा झालेल्या खेळाडूला दोन मिनिटे पूर्ण बाहेर बसावे लागे, मग मधे कितीही गोल होवोत. प्रतिस्पर्धी अशा शिक्षेमुळे कमी खेळाडूंनिशी खेळत असताना माँट्रियलचा हल्ला मागून हार्वी चालवत असे, आणि १९५५ च्या नोव्हेंबरात झाँ बेलिव्होने अशाच एका संधीत ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या मोसमापासून लीगने नियम बदलला आणि एक गोल होताच शिक्षा संपू लागली.